कोड वाचा, वायर बघा, पार्ट शेवटी

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की अष्टमी-रोह्याकडे साधारण दोनच गोष्टी होतात. काही जण तो महिनोन्‌महिने तसाच पेटता ठेवतात, कारण गाडी तर चालते आहे. काही जण जवळच्या गॅरेजात जातात. तिथे स्कॅनर लागतो, पडद्यावर कोड उमटतो, कोडाशेजारी ज्या सेन्सरचे नाव असते तो सेन्सर बदलला जातो, कोड पुसला जातो. आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर. सेन्सरचे पैसे गेले आणि दोष होता तिथेच राहिला. पहिल्यांचे इंजिन वाचावे आणि दुसऱ्यांचे पैसे वाचावेत, म्हणून हे लिहितो आहे.

इंजिनाचा कोड म्हणजे पोलीस ठाण्यात नोंदवलेली तक्रार असते. काय बिघडले आणि कुठल्या वस्तीत बिघडले एवढे तिच्यात कळते, गुन्हेगाराचे नाव तपासाअंतीच मिळते. आणि कोकणात, त्यातही कुंडलिका नदीच्या काठी, जिथे चार महिने हवेतच पाणी असते, तिथे तो तपास वायर, कपलर आणि अर्थिंगपासून सुरू करायचा. पार्टवर संशय सगळ्यांत शेवटी घ्यायचा.

त्याआधी दिवा नीट ओळखा. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घाबरू नका. दोन-चार दिवसांत तपासणी करून घ्या. तोच दिवा मिचकावत असेल, तर एखादा सिलिंडर इतका मिस मारतो आहे की न जळलेले पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आहे. अशा वेळी भिसे खिंड चढून नागोठण्यापर्यंत पोचू असा विचार करू नका. रेस कमी करा, गाडी बाजूला घ्या. प्लग किंवा कॉइलचा खर्च सोसण्यासारखा असतो, वितळलेला कन्व्हर्टर त्याच्या कित्येक पट महाग पडतो. लाल दिव्यांची गोष्ट निराळी. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर स्कॅनर शोधत बसू नका, सुरक्षित जागा बघून इंजिन लगेच बंद करा.

आता कोड वाचण्याविषयी. तो पाच खुणांचा असतो. पहिले अक्षर विभाग सांगते. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, चाके, बी म्हणजे एअरबॅगसकट सगळी बॉडी, आणि यू म्हणजे गाडीतल्या वेगवेगळ्या कंट्रोल युनिटांचा आपसातला संपर्क. दुसऱ्या जागी शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांत एकाच अर्थाचा. तिथे एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड, आणि त्याचा उलगडा त्याच कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये शोधायचा. दुसऱ्या कंपनीच्या गाडीसाठी इंटरनेटवर सापडलेला अर्थ इथे चालत नाही. तिसरा आकडा १ किंवा २ असेल तर मामला इंधन आणि हवेचा, ३ असेल तर ठिणगीचा, ४ असेल तर धूर कमी करणाऱ्या यंत्रणेचा, ५ असेल तर वेग व आयडलिंगचा. पी-०३०३ दिसला, की तिसरा सिलिंडर मिस मारतो आहे एवढे तुम्हालाही वाचता येईल.

अमेरिकेत ही पद्धत, म्हणजे ओबीडी-२, १९९६च्या मॉडेलांपासून सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज-४ (बीएस-४) या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना ती एप्रिल २०१३ पासून आली, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा, अधिक कडक टप्पा. त्यामुळे एमएच-०६ पासिंगची गेल्या दहा-बारा वर्षांतली बहुतेक कुठलीही कार घ्या, स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचा सॉकेट सापडतो. त्यात ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर लावायचा, मोबाइलवर ॲप उघडायचे, चावी ऑन करायची. हे अडॅप्टर ऑनलाइन स्वस्तात मिळतात आणि घरच्या वापराला पुरतात. त्यांच्या मर्यादा मात्र ओळखून असा. इंजिनाचे सर्वसाधारण कोड ते वाचतात, एबीएस आणि एअरबॅगचे बहुधा वाचत नाहीत, आणि ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये, काही लिहिण्याच्या भानगडीत त्यांच्यावर विसंबून राहू नये. काम झाले की अडॅप्टर काढून ठेवा. सॉकेटला बॅटरीची थेट लाइन असते, गाडी चार-आठ दिवस उभी राहिली तर अडॅप्टर बॅटरी पीत बसतो.

कोड दिसला की पहिले काम: लिहून ठेवा किंवा पडद्याचा फोटो काढा. पुसू नका. कोड नोंदवला गेला त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होते, पाणी किती तापलेले होते, गाडीचा वेग काय होता, लोड किती होता, हे सगळे ईसीएम जपून ठेवते. त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते. बॅटरीची वायर काढली तरी बहुतेक गाड्यांत तेच होते. हातात पडलेला सगळ्यांत चांगला पुरावा तो, आणि आपल्याकडे पाच सेकंदांत नष्ट केला जातो याचे मला फार वाईट वाटते. फ्रीज फ्रेममध्ये वेग शून्य आणि इंजिन थंड असेल तर सकाळच्या पहिल्या सेल्फच्या वेळचा दोष आहे. साठचा वेग आणि लोड भरपूर असेल तर चढणीवरचा. हा एवढा फरक कळला तर मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो. कोड पक्का झालेला आहे की ‘पेंडिंग’ आहे तेही नोंदवा. बरेचसे दोष लागोपाठ दोन वेळा गाडी चालवताना दिसल्यावरच दिवा लागतो. त्याआधी ते पेंडिंगमध्ये पडून असतात.

ओल, उंदीर आणि अर्थिंग

पी-०११८ हा कोड घ्या. पडद्यावर उमटते: कूलंट टेम्परेचर सेन्सर सर्किट, इनपुट हाय. इथे सरळ सेन्सर मागवला जातो. पण त्या सर्किटमध्ये सेन्सर, त्याचा कपलर, दोन वायरी, अर्थिंग आणि ईसीएमची पिन असे सगळे येते. ईसीएम एका वायरीतून पाच व्होल्ट पाठवते. सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो आणि व्होल्टेज खाली येते, त्यावरून तापमान काढले जाते. मधे वायर तुटली किंवा कपलर सैल झाला तर व्होल्टेज खाली येतच नाही, आणि ईसीएमला वाटते की पाणी उणे ४० अंशांवर आहे. रोह्याच्या मे महिन्यात ॲपवर उणे ४० दिसले, की सर्किट कुठेतरी उघडे पडले हे समजून जा.

आता सेन्सर की वायर? चावी ऑन, इंजिन बंद, ॲपवर लाइव्ह डेटा उघडा ठेवा. सेन्सरचा कपलर काढा आणि वायरींच्या बाजूच्या दोन टर्मिनलांना तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडा. ॲपवरचे तापमान एकदम वर, शंभराच्याही पुढे उडी मारत असेल तर वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, सेन्सर खराब. उणे ४० वरून आकडा हलत नसेल तर नवा सेन्सर लावूनही काही होणार नाही, वायर शोधा. ही चाचणी फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी आहे. तीन वायरींच्या सेन्सरवर ती करू नका, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर हातही लावू नका.

कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर आपला खरा गुन्हेगार बहुधा सापडला. पावसाळ्यात कपलरच्या रबरी सीलमधून ओल आत शिरते, तांब्यावर थर चढतो, रोध वाढतो आणि ईसीएमला चुकीचे आकडे जाऊ लागतात. बॅटरीची ऋण वायर काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने पिन साफ करा, पूर्ण वाळू द्या, मग सीलवर थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून कपलर ‘कट’ असा आवाज होईपर्यंत बसवा. पॉलिश पेपरने पिना घासू नका. वरचा पातळ मुलामा गेला की पुढच्या पावसात तीच पिन दुप्पट वेगाने खराब होते.

खंडेनवमीला गाडी धुऊन पूजेला उभी करायची आपली रीत आहे. गाडी जरूर धुवा, पण बोनेट उघडून इंजिनावर प्रेशरचे पाणी मारू देऊ नका. कॉइलच्या खोबणीत, ईसीएमच्या आणि सेन्सरांच्या कपलरांवर ते पाणी दाबाने आत घुसते, आणि दसऱ्याला सकाळी गाडी मिस मारत उठते. पुसायचेच असेल तर ओल्या फडक्याने पुसा.

उंदरांचा त्रास आमच्याकडे वर्षभर असतो, पण भाताच्या शेतात पाणी भरले की ते कोरड्या, उबदार जागेच्या शोधात सरळ बोनेटखाली येतात. मुंबईला नोकरी करणाऱ्यांची गावच्या पडवीत महिनाभर उभी असलेली गाडी त्यांना सगळ्यांत सोयीची. गणपतीला घरी आल्यावर सेल्फ मारण्याआधी बोनेट उघडून टॉर्च मारा. लेंड्या, कापसाचे किंवा पेंढ्याचे तुकडे, कुरतडलेली स्लीव्ह दिसते का बघा. एकाच वेळी चार-पाच वेगळ्या विभागांचे कोड आले, त्यांत यू-०१०० सारखा ‘ईसीएमशी संपर्क तुटला’ सांगणारा कोड असला, तर पाच पार्ट एकदम बिघडले असे समजू नका. वायरिंग कुरतडले असेल, बॅटरी उतरली असेल किंवा अर्थिंग गेले असेल. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळणे हे आपल्याकडचे नेहमीचे काम, आणि ते एक पावसाळाही टिकत नाही. वायर सोल्डर करून किंवा चांगल्या क्रिंपने जोडून वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवायला सांगा. एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन वायरी कापल्या गेल्या असतील तर त्या कंट्रोल युनिटांच्या संपर्काच्या असण्याची शक्यता जास्त. जोडल्यावर त्यांचा पीळ पूर्वीसारखाच ठेवावा लागतो.

अर्थिंग तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. बंद गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या कोऱ्या धातूवर टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली आहे. एक बोल्ट सोडवून, घासून, आवळून अनेक गूढ कोड जातात. गॅरेजात मी ही चाचणी क्वचितच होताना पाहतो, आणि माझ्या मते कोकणातल्या गाडीवर ती सगळ्यांत आधी व्हायला हवी.

तीन-चार सेन्सरांचे कोड एकदम आले, आणि बॅटरी-अर्थिंग ठीक असले, तर आणखी एक शक्यता. अनेक सेन्सरांना पाच व्होल्टचा पुरवठा एकाच वाटेने होतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की बाकीचेही खोटे बोलू लागतात. चावी ऑन ठेवून एकाच्या कपलरवर पाच व्होल्ट मोजा. नसतील तर मीटर तसाच ठेवून बाकीचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत येतील, तो दोषी.

मिस मारणारी गाडी

पी-०३०० म्हणजे कुठलाही सिलिंडर, आलटून पालटून. पी-०३०१ ते पी-०३०४ म्हणजे ठरावीक सिलिंडर. यासाठी सगळे प्लग, सगळ्या कॉइल आणि वर इंजेक्टर साफ करण्याचे बिल एकदम लागते, तसे करायची गरज नसते. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र कॉइल असते, आणि तीच तपासाची सोय आहे. समजा पी-०३०२ आला. इंजिन गार असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल करा. कोड पुसा (तो आधीच लिहून ठेवला आहे). गाडी ज्या परिस्थितीत मिस मारत होती तशीच चालवा. कोड पी-०३०३ झाला तर कॉइल खराब, एक बदला, काम संपले. कोड पी-०३०२ वरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगांची अदलाबदल करा. तरीही तो दुसऱ्याच सिलिंडरवर राहिला तर त्या कॉइलचा आणि इंजेक्टरचा कपलर, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. काहीही विकत न घेता इतके कळते.

कॉइल काढल्यावर प्लगच्या विहिरीत पाहा. तिथे पाणी असेल तर बोनेटवरून पाऊस गळतो आहे. ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचे सील गेले आहेत. दोन्ही वेळी नवी कॉइल लावून ती पुन्हा जाईल.

रायगडात सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या आता घरोघर आहेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे जास्त. सिलिंडरमधल्या सीएनजीला पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. त्यामुळे थकलेला प्लग किंवा कॉइल पेट्रोलवर चालून जाते आणि गॅसवर, तेही सुकेळी खिंडीसारख्या चढणीवर चार माणसे घेऊन, झटके देऊ लागते. पहिली चाचणी फुकट आहे: स्विच पेट्रोलवर टाका. झटके पूर्ण थांबले तर संशय दोन ठिकाणी, ठिणगी किंवा गॅसचा पुरवठा. आधी प्लग पाहा, त्यांचे कंपनीने सांगितलेले अंतर तपासा, सीएनजी गाडीला मॅन्युअलमध्ये दिलेल्याच नंबरचा प्लग लावा. मग गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर. पेट्रोलवरही तसेच झटके येत असतील तर गॅस किटला हात लावायची गरज नाही. गॅसच्या जोडण्यांवर घरी पाना लावू नका, ते काम अधिकृत माणसाकडूनच व्हावे. बाहेर बसवलेल्या किटांत ईसीएमला चकवण्यासाठी इंजेक्टरच्या वायरीत जोड दिलेले असतात. ते जोड म्हणजे आमच्या हवेत हमखास गंजणारी जागा. जुनी किट असलेल्या गाडीत तिथूनच बघायला सुरुवात करा.

आणखी एक. वर्षभर गॅसवरच चालणाऱ्या गाडीच्या टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने तसेच राहते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल ओढून घेते. आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि ते थोडे थोडे ताजे भरत राहा. नाहीतर पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप अडकतात, आणि ते कळते नेमके गॅस संपल्यावर.

हवा जास्त, इंधन कमी

पी-०१७१ हा ‘मिश्रण पातळ’ सांगणारा कोड. यावर ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई होते. सेन्सर बहुधा खरे सांगत असतो: मिश्रणात हवा जास्त आहे. ॲपवर फ्युएल ट्रिमचे दोन आकडे बघा, थोड्या वेळाचा आणि दीर्घ मुदतीचा. दोन्हींची बेरीज अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. अधिक वीस-पंचवीसकडे गेली तर ईसीएम कमतरता भरून काढायला धडपडते आहे. आता तीच बेरीज आयडलिंगला आणि नंतर २,५०० फेऱ्यांवर बघा. आयडलिंगला जास्त आणि रेस वाढवल्यावर कमी होत असेल, तर कुठेतरी नळीतून फुकटची हवा आत येते आहे. उलट रेस आणि लोडबरोबर वाढत असेल, तर इंधन कमी पडते आहे, म्हणजे फिल्टर किंवा पंप. हवेचे माप घेणारा सेन्सर मळला असेल तरी असेच दिसते.

यात एक खाच आहे. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा थेट न मोजता इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून तिचा अंदाज घेतात. अशा गाडीत नळी फाटली तर दाब वाढतो, ईसीएम त्याप्रमाणे इंधनही वाढवते, आणि पातळ मिश्रणाच्या कोडाऐवजी आयडलिंग चढलेले दिसते. म्हणून आपल्या गाडीत कुठली पद्धत आहे ते आधी मॅन्युअलमध्ये किंवा मेकॅनिककडून समजून घ्या.

आणि साधे कारण विसरू नका. नुकताच एअर फिल्टर साफ केला असेल तर पुढच्या रबरी नळीची क्लिप राहिली का बघा. सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्या दिवशी आलेला कोड बहुतेकदा सर्व्हिसिंगमध्ये हात लागलेल्या जागीच असतो.

पी-०१२८ हा कोड सांगतो की इंजिन वेळेत तापत नाही. आपल्या हवेत इंजिन तापायला उशीर होण्याचे काही कारण नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, किंवा ‘गाडी गरम होते’ म्हणून पूर्वी कोणीतरी तो काढूनच टाकला आहे. ही चाल जुन्या गाड्यांपासून चालत आलेली आहे आणि ती नव्या गाडीचे नुकसान करते. थंड इंजिनाला ईसीएम सतत जास्त पेट्रोल देत राहते, ॲव्हरेज पडते, ऑइलमध्ये पेट्रोल उतरते. थर्मोस्टॅट परत बसवा, आणि मुळात गाडी का तापत होती ते शोधा: रेडिएटर, पंखा, कूलंटची पातळी. कूलंटऐवजी नळाचे पाणी भरत असाल तर तेही थांबवा.

पी-०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही अशी शंका. हा पार्ट महाग, म्हणून घाई सगळ्यांत कमी करायची. आधी मिसफायरचा किंवा मिश्रणाचा दुसरा कोड आहे का पाहा, असेल तर तो आधी सोडवा. कन्व्हर्टरच्या आधी सायलेन्सरचा पाइप कुठे फुटला आहे का बघा. खड्ड्यांत खाली घासणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचे. कन्व्हर्टर काढून नुसता पाइप लावून देतो असे कोणी म्हटले तर नाही म्हणा. त्याने हवा खराब होते, ते बेकायदा आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाची मर्यादा मोडल्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पीयूसी मिळाली म्हणजे गाडीत कोड नाही असेही समजू नका. त्या तपासणीत नळीतून येणारा धूर मोजतात, ईसीएममधली नोंद वाचत नाहीत.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी एवढेच, पण महत्त्वाचे. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर स्वतःला स्वच्छ करण्यासाठी ती काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळतो. अष्टमीतून पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात आणि परत, किंवा धाटावच्या एमआयडीसीपर्यंत, एवढीच रोजची धाव असेल तर तो कधी तेवढा तापतच नाही, आणि एके दिवशी पी-२४६३, म्हणजे काजळी साठल्याचा कोड, येतो. डीपीएफचा पिवळा दिवा नुकताच लागला असेल तर कोलाडला जाऊन महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवून चालवा. मधेच बंद करू नका. एवढ्यावर बहुधा दिवा जातो. त्यासोबत चेक इंजिनाचाही दिवा लागला असेल आणि गाडीची ताकद कमी केली गेली असेल, तर मात्र रस्त्यावर प्रयोग न करता वर्कशॉपमध्ये मशीन लावूनच साफ करून घ्या. थोड्या थोड्या धावांमुळे अर्धवट राहिलेल्या सफाईत डिझेल ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर ‘कमी तर झाले नाही’ म्हणून निश्चिंत राहू नका, ऑइल लवकर बदला.

पुराचे पाणी हा कोडाचा विषय नाही, पण कोडांची मोठी रांग तिथूनच सुरू होते. कुंडलिकेची पातळी डोलवहाळ बंधाऱ्यावर मोजतात. ती धोक्याच्या खुणेकडे सरकल्याची बातमी आली की सखल भागातली गाडी त्याच वेळी उंचावर नेऊन लावा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि थोड्याशा दुरुस्तीचे काम पूर्ण इंजिन उघडण्यावर जाते. बॅटरीची ऋण वायर काढता आली तर काढा, गाडी टो करून न्या, फोटो काढून विमा कंपनीला कळवा. इंजिनाला पाण्याने होणारे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कव्हर असते. पॉलिसीचे नूतनीकरण जूनच्या आधी येत असेल तर ते आहे का तपासा.

शेवटी गॅरेजशी बोलण्याविषयी. आपल्या भागात हुशार मेकॅनिक आहेत. बिचाऱ्यांना गिऱ्हाईक तपासाचे पैसे देत नाही, फक्त पार्टचे देते, म्हणून तेही पार्ट बदलण्याकडे वळतात. तेव्हा आधीच सांगा: ‘दादा, शोधायला लागेल त्या वेळेची मजुरी वेगळी देतो, पण पार्ट बदलण्याआधी तो खराब आहे हे मला दाखवा.’ हातात लिहिलेला कोड, फ्रीज फ्रेमचा फोटो आणि दोष कधी येतो याची माहिती द्या: गार असताना की गरम, पावसात की कोरड्यात, गॅसवर की पेट्रोलवर. बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

दुरुस्तीनंतर कोड पुसला आणि दिवा गेला, तरी काम लगेच संपत नाही. पुसल्याबरोबर ईसीएमच्या सगळ्या स्वयंतपासण्या शून्यावर जातात, आणि त्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत दिवा नसणे म्हणजे दोष नसणे असे धरता येत नाही. ॲपवर ‘रेडिनेस’ नावाचे पान असते, तिथे कुठल्या तपासण्या पूर्ण झाल्या ते दिसते. रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीने सुरुवात करा, थोडे आयडलिंग, थोडे बाजारातले चालवणे, मग मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटे. असे दोन-चार दिवस झाले की पुन्हा अडॅप्टर लावा. पेंडिंगच्या यादीत जुना कोड नसेल आणि त्या विभागाची तपासणी पूर्ण झालेली दिसत असेल, तर गॅरेजचे उरलेले पैसे देऊन टाका.